साडेसहा सुतांची रिंग

माझी बांगड्यांची बॉबिन कापली गेली त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. खिचडीसुद्धा नाही. पातेली पालथी घातली, शेगडी पुसून काढली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसले. आमचे हे दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेले आणि शेवटी कोपऱ्यावरून कचोऱ्या घेऊन आले. माझ्या वाटची कचोरी मी खाल्ली नाही. खरं सांगते, भूक सडकून लागली होती.

एका बॉबिनसाठी एवढं काय, असं कोणालाही वाटेल. पण ती बाजारातली वस्तू नव्हती. हे मिलमध्ये फिटर होते, सूत कातायच्या खात्यात. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी तिथली एक टाकून दिलेली बॉबिन आणली होती, सूत गुंडाळायची असते ती वीतभर नळी, काळपट, कडक, हाताला साबणासारखी गुळगुळीत. तिला खाली लाकडाची चकती बसवली आणि माझ्या बांगड्या ठेवायला स्टँड केला. साड्या सासूबाईंनी घेतल्या होत्या, पैंजण माहेरचे. यांनी स्वतःच्या हाताने माझ्यासाठी केलेली वस्तू म्हणाल तर ती एकच. एकोणीस वर्षं आरशासमोर उभी होती. आणि ती कापली कोणासाठी, तर एका परक्या बाईच्या सायकलीसाठी.

आता सगळं नीट सांगते, नाहीतर मीच वाईट ठरेन. तशी ठरणारच आहे.

मिल बंद होऊन तिसरं वर्ष चाललं होतं. बंद म्हणजे एका दिवसात कुलूप नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग कापूस येईना, मग वीज. तरीही हे रोज डबा घेऊन जायचे आणि फाटकाशी बसून परत यायचे. एक दिवस डबा न मागताच दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले, आणि तेव्हापासून बोलणं आटलं. भांडण नाही, दारू नाही, काही नाही. नुसता गप्प माणूस. विचारलं तर ‘हो’, नाही विचारलं तर तेही नाही. मुलगी उज्जैनला नर्सिंग शिकायला गेलेली, म्हणजे घरात आम्ही दोघंच, आणि त्यातलं एकच बोलणार.

हत्यारांची पिशवी दिवाणाखाली सरकवली ती तिथेच. मी मल्हारगंजच्या दुकानांची फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायची, त्यावर घर चालायचं. माझी मशीन टाके सोडायला लागली होती. दहा टाक्यांत एक गायब. मी सांगितलं, अहो, जरा बघा ना. ‘बघतो’ म्हणाले. त्या ‘बघतो’ला सात महिने झाले. मी तेच कापड दोन-दोनदा शिवत होते आणि गप्प बसत होते, कारण मला वाटायचं, माणूस आतून मोडलाय, त्याला टोचू नये. बाहेर तर रोज नवं काही उघडत होतं. कुठे काचेचं शोरूम, कुठे गच्चीवर डिशची छत्री लावून परदेशी चॅनेल, गल्लीत शिरणार नाहीत अशा मोटारी. सगळ्या शहराला हुरूप आला होता, आणि आमच्या ओट्यावर हे बसलेले.

अशात ती मॅडम आली.

एका शाळेत खेळाची टीचर होती. तिशीची असेल. कृष्णपुऱ्याकडची, जुन्या घराण्यातली. पणजोबा संस्थानच्या दरबारात कोणी मोठे होते म्हणे. मराठी आमच्यासारखंच, अर्धं हिंदी, पण बोलायची ऐट निराळी. पँट, पांढरे बूट, केस कापलेले. भावाने अमेरिकेतून तिला एक माऊंटन बाईक पाठवली होती. मी तोवर सायकल म्हणजे दूधवाल्याची सायकल एवढंच ओळखत होते. हिची टायरं ट्रॅक्टरच्या टायरांसारखी नक्षीची, आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाड नळ्या, दाबल्या की खाली जायच्या आणि परत वर यायच्या. त्याला फोर्क म्हणतात, आणि तो जेवढा खाली-वर होतो त्याला ट्रॅव्हल, हे मला पुढे कळलं. तिची अडचण अशी होती की भावाने सायकल स्वतःच्या उंचीच्या हिशोबाने घेतली. हिच्यासाठी ती पुढून फार उंच होती, चढावर तोंड वर उचलायची. ट्रॅव्हल कमी केली तर पुढचा भाग खाली येईल आणि हे घरीही करता येतं, असं सोबतच्या कागदात लिहिलं होतं. पण मल्हारगंजच्या सायकलवाल्याने हात जोडले आणि म्हणाला, मॅडमजी, इसको तो वो मिल वाले भिया ही खोल पाएँगे.

मिलवाले भिया म्हणजे आमचे हे, इकडे भावाला भिया म्हणतात. म्हणून सायकल आमच्या ओट्यावर.

मला वाटलं, हे ‘बघतो’ म्हणतील आणि ती सात महिने वाट बघेल. कशाचं काय. हे उठले, दोन्ही हातांनी हँडल धरलं, फोर्क एकदा दाबला, सोडला, कान लावून ऐकला, परत दाबला. मग म्हणाले, “मॅडम, तुमचं वजन किती?”

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तांब्या हातातून पडला नाही एवढंच. एकोणीस वर्षांत या माणसाने मला कधी वजन विचारलं नव्हतं. ताप किती आहे हेसुद्धा शेजारणीला विचारायला लावलं होतं.

“बावन्न, भिया,” ती म्हणाली. लाजलीही नाही.

यांनी बावन्न हा आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहिला. माझ्या भिंतीवर. मग माझ्या शिलाईच्या डब्यातून, मला न विचारता, लाल दोरा काढला आणि फोर्कच्या नळीवर गुंडाळून गाठ मारली. मॅडमला म्हणाले, भिंतीला हात टेकून बसा, आता अलगद उतरा. तिच्या वजनाने दोरा नळीवरून जेवढा सरकला तेवढं माप घेतलं. मिलची माणसं मिलिमीटर बोलत नाहीत, सूत बोलतात. आठ सुतांचा एक इंच. “साडेसहा सूत कमी करू,” हे म्हणाले, “जमेल.” आणि हसले. मी ते दात बऱ्याच दिवसांनी बघत होते.

मग रोज संध्याकाळी शाळा सुटली की मॅडम. दिवाणाखालची पिशवी निघाली. जुन्या चादरीचं कापड ओट्यावर अंथरलं, आणि त्यावर फोर्कचे भाग एकेक करून मांडले. हा मिलचा नियम, आणि यांचा जीव की प्राण. जे आधी निघालं ते डावीकडे, मग पुढचं, मग पुढचं, शेवटी निघालेलं उजव्या टोकाला. जोडताना उजवीकडून उचलत यायचं, डोकं लावायचं नाही. पाळी बदलली आणि अर्धं काम सोडून एक फिटर घरी गेला, तर दुसऱ्याने येऊन कापड बघून मशीन जोडायची. म्हणून मांडलेल्या कापडाला दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. नवा असताना यांनी एकदा कोणाचा तरी नट सरकवला होता, तर उस्तादाने सगळ्या खात्यासमोर थोबाडीत मारली होती. ही गोष्ट मला कशी माहीत? यांनी मॅडमला सांगितली तेव्हा मी आतून ऐकली.

सगळं आतूनच ऐकलं. मी मशीनवर बसायचे, पायडल मारायचं थांबायचे आणि ऐकायचे. हे असे बोलत होते की जणू तीन वर्षांचं साठलेलं नळाने सोडलं. फोर्कच्या उजव्या पायात, म्हणजे नळीत, स्प्रिंग आहे, डाव्यात नुसतं तेल. हा लांब रॉड, हे त्याचं डोकं. फोर्क वर येताना हे डोकं नळीच्या तळाला अडकतं, तिथे तो थांबतो. आता डोक्याच्या खाली एक रिंग घातली, की तो रिंगेएवढा आधीच अडकेल. म्हणजे सायकलचं तोंड तेवढं खाली आणि हलायची जागाही तेवढी कमी. “आणि रिंग वर घातली तर? स्प्रिंगच्या डोक्यावर?” मॅडमने विचारलं. “मग उंची आहे तेवढीच राहते, फक्त स्प्रिंग आधीपासून दबलेली. फोर्क लाकडासारखा कडक.” तिने वहीत काढून घेतलं. मीही डोक्यात काढून घेतलं, पण माझ्याकडे कोण बघतंय.

जळत होते मी. उगाच सोज्ज्वळपणा कशाला. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. ती त्यांना भिया म्हणायची, मला वहिनी, आणि वागण्यात काडीचं वाकडं नव्हतं. वाकडं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. मी पोहे केले की वरून शेव, जिरावनचा मसाला घालून दोनदा मागून खायची, आणि वर “वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे” म्हणायची. मी हसायचे आणि मनात म्हणायचे, खा बाई, माझ्या घरातलं बाकी सगळं खाल्लंसच. मला तिच्या पँटचा हेवा नव्हता, अमेरिकेतल्या भावाचा नव्हता. माझ्या वाट्याचं बोलणं ती घेऊन जात होती. मी तीन वर्षं मूग गिळून, चूल पेटती ठेवून त्या बोलण्याची वाट बघितली होती, आणि ते आलं तर सायकलवर बसून दुसरीकडे गेलं.

कागदात एक प्लास्टिकची रिंग दाखवली होती, ती सायकलीसोबतच्या खोक्यात नव्हती. भावाला लिहून मागवायची तर महिना. यांनी दोन दिवस बाजार पालथा घातला. नळीत बसेल एवढी बारीक, रॉड आत जाईल एवढी पोकळ, आणि मार खाऊन न फुटणारी अशी वस्तू मिळेना. तिसऱ्या दिवशी मी दुकानात ब्लाऊज देऊन परत आले, तर माझ्या बांगड्या स्टीलच्या ताटलीत, आणि बॉबिन बुडापासून कापलेली. कापडावर काळी रिंग ठेवली होती, कडा पॉलिश पेपरने घासून अशी गोल केलेली की बघत राहावं.

“हीच बरोबर बसली,” हे म्हणाले. “असं मटेरियल आता मिळत नाही.”

“माझी होती ती.”

“उरलेली परत बसवतो ना चकतीवर. बांगड्या राहतील.”

त्यांना खरंच कळलं नव्हतं. म्हणून तर स्वयंपाक केला नाही.

दुसऱ्या दिवशी जोडणी होती. कापडावर सगळं ओळीने तयार. डावीकडून नळीच्या तोंडाची टोपी, मोठी स्प्रिंग, रॉड, मग माझी ती रिंग, मग रबर, मग बोल्ट. मॅडम येऊन ओट्याच्या पायरीवर बसलेली, सहा वाजता तिला कुठे तरी जायचं होतं. हे जोडायला बसणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी यांच्या जुन्या खात्यातला एक दोस्त आला आणि त्याने हाक मारली. हे उठून गेले. मॅडमही सायकलची मागची बाजू पुसायला नळाकडे गेली. ओट्यावर मी आणि ते कापड.

मी वाकले. रॉडच्या उजवीकडची रिंग उचलली, आणि टोपी अन् मोठी स्प्रिंग यांच्यामध्ये ठेवून दिली. रॉडच्या डोक्याखालची रिंग स्प्रिंगच्या डोक्यावर गेली. एवढंच. आत येऊन कणीक मळायला घेतली. हात थरथरत होते असं सांगितलं तर चांगलं दिसेल, पण थरथरत नव्हते. बरं वाटत होतं.

मला वाटलं होतं, हे लगेच ओळखतील, चिडतील, निदान माझ्यावर ओरडायला तरी तोंड उघडतील. पण दोस्ताने काही तरी सांगितलं होतं, आणि परत आले ते डोकं तिकडेच ठेवून. बसले आणि उजवीकडून उचलायला लागले. बोल्ट, रबर, रॉड, स्प्रिंग, रिंग. टोपी बसेना. छातीने दाबून बसवली. मी दारातून बघितलं आणि बोलले नाही. मॅडमला उशीर होत होता, म्हणून माप न घेताच सायकल दिली. हे मी पहिल्यांदा बघितलं, की यांनी काम केलं आणि माप घेतलं नाही.

रविवार सोडून सोमवारी ती आली. चालत, सायकल हातात धरून. “भिया, उंची तर तेवढीच आहे. आणि उलट खूप कडक झाली. हात सुजले माझे.” चिडली नव्हती, तेच वाईट. “असू द्या. ठेवून जाते इथे, सावकाश बघा. नाही जमलं तर भावाला लिहीन, तिकडून दुसरा मागवीन.”

नाही जमलं तर. मी यांच्याकडे बघितलं. मान खाली घालून स्वतःचे पंजे बघत होते, एकदा सरळ, एकदा उलटे. मॅडम गेल्यावर त्यांनी कापड झटकलं, घडी केली, पाने पुसले, पिशवी भरली आणि दिवाणाखाली पार भिंतीपर्यंत ढकलली. सायकलवर चादर टाकली. चार दिवस तिला हात लावला नाही, आणि माझ्याशी, कोणाशीच, एक शब्द नाही. ओट्यावरचं ते जुनं बसणं परत आलं.

पाचव्या दिवशी दुपारी एक पुडकं घेऊन आले आणि माझ्या मशीनवर ठेवलं. निळं जाड कापड. त्या दोस्ताने सांगितलं होतं ते हेच होतं. नव्या शोरूमला चौकीदार पाहिजे होते, यांच्या खात्यातले दोघं आधीच लागले होते. गणवेशाचं कापड चौकीदार पुरवणारी एजन्सी देणार, शिलाई आपली.

“सोमवारपासून जायचंय,” म्हणाले. “शिवून देशील?”

“सायकलीचं काय?”

“ते आता होत नाही माझ्याच्यानं. हात गेला.” आवाज अगदी साधा होता. “तीन वर्षं लोखंडाला लावला नाही, गेला. बरं झालं मिल बंद झाली. नाहीतर चालत्या मशीनवर असं उलटं-सुलटं काही केलं असतं आणि कोणाची बोटं गेली असती.”

चौकीदारी वाईट नाही. गल्लीतले चार जण करत होते, इमानाने करत होते. पण हे चौकीदार व्हायला निघाले नव्हते. हे स्वतःचे हात टाकून देऊन निघाले होते, आणि ते हात मी मोडले होते. मी निळं कापड मशीनवर सरळ केलं. जाड कापडावर माझी मशीन तर टाकाच धरेना. सुई नुसती भोकं पाडत होती. यांनी ते बघितलं आणि म्हणाले, “राहू दे, बाहेर शिवून घेतो.” आणि पुडकं उचलायला हात पुढे केला.

तो हात मी धरला.

“रिंग मी हलवली,” मी म्हणाले.

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. उस्तादाने मारली तशी. तशी बसली असती तर मी काही म्हटलं नसतं. पण त्यांनी हात सोडवून घेतला, समोरच्या स्टुलावर बसले, आणि विचारलं ते भलतंच.

“कुठून कुठे?”

“रॉडच्या डोक्याखालची. काढून मोठ्या स्प्रिंगच्या वर ठेवली.”

“तिथेच का?”

“तिथे ठेवली की उंची तेवढीच राहते. फक्त कडक होतो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग होता, पण रागाच्या मागे आणखी काही तरी होतं. “हे तुला कोणी सांगितलं?”

“तुम्ही,” मी म्हणाले. “त्यांना.”

आणि मग मला रडू फुटलं, आणि सगळं बाहेर पडलं. की तीन वर्षं मी या घरात भिंतीशी बोलतेय. की माझी मशीन सात महिने टाके सोडतेय आणि परक्या बाईची सायकल आली तर पिशवी अर्ध्या तासात बाहेर. की माझं वजन तुम्ही कधी विचारलंत का. की उस्तादाची गोष्ट मला एकोणीस वर्षांत सांगितली नाहीत आणि तिला चार दिवसांत सांगितलीत. काही नीट बोलले, काही नुसतंच नाक ओढत बोलले. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, “टोपी कडक गेली तेव्हाच मला कळायला हवं होतं. आणि माप घ्यायला हवं होतं. ती चूक माझी.” मग म्हणाले, “पण कापडाला हात लावलास.”

“हो.”

“पुन्हा लावू नको.”

बस. एवढंच म्हणाले, आणि दिवाणाखाली वाकून पिशवी ओढली.

कापड अंथरलं. एका बाजूला ते बसले आणि समोर बोट दाखवलं. मी बसले. फोर्क उघडताना एकेक भाग माझ्या हातात देत गेले, मी डावीकडून मांडत गेले. टोपी, रिंग, स्प्रिंग. जोडताना म्हणाले, तू घाल. रॉडवर रिंग मी सरकवली, डोक्याखाली, अगदी घट्ट बसली. या वेळी टोपी दोन बोटांनी फिरली. त्यांनी सूतपट्टी लावली. बरोबर साडेसहा खाली.

“आता बस वर,” म्हणाले. “दबतो किती ते बघायचंय.”

“मी? ओट्यावर? साडी नेसून?”

“वजन पाहिजे. त्यांचं बावन्न, तुझं छप्पन्न. चार जास्तीचे मी धरतो हिशोबात.”

मी जागच्या जागी थांबले. “माझं छप्पन्न हे तुम्हाला कसं माहीत?”

“उज्जैनच्या स्टेशनावर वजनाच्या काट्यावर उभी राहिली होतीस ना. मुलीला पहिल्यांदा महांकाळला नेलं तेव्हा. तिकीट आलं होतं,” ते नळीवर लाल दोरा गुंडाळत म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही. “हत्यारांच्या पिशवीत आहे.”

मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. मी भिंतीला हात टेकून कशीबशी सायकलवर बसले. पलीकडच्या ओट्यावरची बाई भाजी निवडायची थांबून बघत होती. “बासष्ट धरा,” मी हळूच म्हणाले. त्या दिवशी आणखी खोटं बोलायची माझी टाप नव्हती.

निळं कापड दुसऱ्या दिवशी परत गेलं. मॅडम आली, गल्लीत एक फेरी मारून आली आणि ओरडायचंच बाकी ठेवलं. “भिया, कमाल केलीत.” हे म्हणाले, “रिंग हिने बसवली.” ती माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवर थोपटलं, आणि कबूल करते, तेव्हाही जळत होते. ती वाऱ्यासारखी निघून गेली, आणि हे ती वळेपर्यंत बघत होते. सायकलकडेच बघत असतील. मी तसं धरून चालले. माझी मशीन त्यांनी त्याच संध्याकाळी उघडली.

पुढे तिच्या ओळखीच्या सायकली आल्या, मग व्यायामशाळेतली यंत्रं, मग काय काय. ओट्यावर पत्रा टाकला, आमचं चांगलं चाललं. हे बोलतात आता. कधी कधी तर, पुरे करा हो, म्हणावं लागतं. बुडापासून आखूड झालेली बॉबिन परत चकतीवर बसली. तिच्यावर बांगड्या पूर्वीपेक्षा चार कमी मावतात.

फक्त एक झालं. त्या दिवसापासून हे कापड मांडून बसले आणि मध्ये उठले, चहाला असो की फोनला, तर उठण्याआधी कापडाची चारी टोकं आत दुमडतात. मला टोमणा म्हणून नाही. बोलतही नाहीत, हात आपोआप जातात. मी समोर बसलेली असते, भाग पुसून देत असते, तरीही दुमडतात. वीस वर्षांहून जास्त झाली. मी कधी तक्रार केली नाही, कोणत्या तोंडाने करणार.

गेल्या महिन्यात एक फोर्क उघडला होता. आतून मी चहा झाला म्हणून हाक मारली, आणि हे पंचा खांद्यावर टाकून तसेच उठून आत आले. मी बाहेर येऊन बघते तर कापड उघडं. सगळे भाग ओळीने मांडलेले, आणि रॉडच्या उजवीकडे एक रिंग. ओट्यावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी खाली बसले आणि कापडाची चारी टोकं माझ्या हाताने दुमडून ठेवली. मग चहा प्यायला आत गेले.